खांद्यातली चुंबळ

"हाड शाबूत आहे" हे वाक्य त्या वर्षी मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं, की शेवटी कोणी ते म्हटलं की मला त्याचंच हाड मोडावंसं वाटायचं. एक्स-रे काढणारा म्हणाला, गावातला डॉक्टर म्हणाला, नवरा म्हणाला. सासूने तर शेजारणींना बोलावून ती काळी फिल्म दारातल्या उजेडात धरून दाखवली. सगळं शाबूत होतं. फक्त माझा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. जबरदस्तीने नेला तर खांद्याच्या आत काहीतरी जागचं सरकायचं आणि हातात असेल ते खाली पडायचं.

झालं कसं ते आधी सांगते. आमचा कोळीवाडा किहीमच्या वरच्या अंगाला. नवऱ्याची आणि थोरल्या दिराची मिळून एक बोट, चुली वेगळ्या. पुरुष मासळी आणतात आणि आम्ही बायका ती वाळवतो. बोंबील वाळवायला किनाऱ्यावर बांबूंचा उंच सांगाडा बांधलेला असतो, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. उभे बांबू, आडवे बांबू, आणि त्यांवर एकावर एक ताणलेल्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करायची आणि ती दोरीवर टाकायची. खालच्या दोऱ्या जमिनीवर उभं राहून भरता येतात. वरच्यांसाठी आडव्या बांबूवर पाय देऊन चढावं लागतं. एका हाताने धरायचं, दुसरा डोक्याच्या वर. लग्न होऊन आले तेव्हापासून वरच्या दोऱ्या माझ्या. उंच होते, चपळ होते, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता.

त्या सकाळी दंवाने बांबू ओला होता. पाय सटकला. पडले असते तर वाळूत पडले असते, चार दिवस कंबर शेकली असती आणि कामाला लागले असते. पण हाताने वरचा बांबू सोडला नाही. सगळं अंग त्या एका हाताला लटकलं, झोका बसला, आणि खांद्यात काहीतरी निघून परत आत बसलं. तो आवाज मी कानाने नाही, आतून ऐकला. खाली उभ्या बायका हसल्या, कारण मी माकडासारखी लोंबत होते. मीही हसले. खाली उतरले तेव्हा तो हात मला माझा वाटेना.

हात दुखतो म्हणून घरी बसायची सोय आमच्याकडे नाही. बोट लागली की माल एकदम येतो, आणि उन्हं चढायच्या आत तो दोरीवर जायला हवा, नाहीतर नरम पडतो. एकट्या घराला ते जमत नाही. म्हणून चार-पाच घरांची सावड असते. आज तुमचा माल, तर सगळ्यांचे हात तुमच्या वलांडीवर. उद्या आमचा, तर सगळे आमच्याकडे. कोणी कोणाला सांगायला जात नाही. प्रत्येक घरातून वर चढणारा एक हात यायला हवा, एवढंच. तो कोणाचा, हे त्या घराने बघायचं.

माझ्या घरात माझ्यानंतर चढू शकेल असा हात एकच होता, मुलीचा. सासूचे गुडघे गेलेले, नवरा समुद्रावर. मुलगी अलिबागला कॉलेजात, सायन्सला. पुढे मुंबईला एम.एस्सी. करायचं तिच्या मनात होतं, तिच्याहून जास्त माझ्या. तिला मी वलांडीखाली कधी उभी राहू दिली नव्हती. सुट्टी लागली की मामाकडे धाडायची ती याचसाठी. बोंबील वाळवण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणेल त्याच्याशी मी भांडेन. पण एकदा वर चढलेली बाई उतरत नाही, हे मी आमच्या किनाऱ्यावर पाहिलेलं आहे. म्हणून माझा हात वर जाणं ही माझ्या एकटीच्या दुखण्याची गोष्ट नव्हती. तो गेला नाही तर त्या जागी तिचा हात जाणार होता.

पहिले काही महिने तेलात आणि मलमात गेले. एका डॉक्टरांनी बघता बघता सांगितलं, "या वयात बायकांचा खांदा आखडतोच, ताणा." मी ताणला. भिंतीला हात लावून, दात-ओठ खाऊन ताणला, आणि तो आणखी बिघडला. झोपेत कूस बदलली तरी खांदा निसटायचा. केस विंचरायला मुलीला हाक मारावी लागायची. वलांडीवर मी खालच्या दोऱ्या घेतल्या आणि बायकांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग जाऊबाईंच्या ओळखीने अलिबागला हाडांच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फिल्म बघितली आणि बाजूला ठेवली. ते "शाबूत" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते, ते म्हणाले नाहीत. मला आडवं झोपवून त्यांनी माझं कोपर खांद्याच्या रेषेत उचललं आणि दगड भिरकावताना जातो तसा हात हळूहळू मागे नेला. मी ओरडले आणि डाव्या हाताने त्यांचा हात झटकला. डॉक्टरांचा हात झटकायचा म्हणजे काय, माझं मलाच कळेना.

ते शांतपणे म्हणाले, "मला हेच बघायचं होतं. तुमचा खांदा तुम्हाला घाबरवतोय, आणि बरोबर घाबरवतोय."

मग समजावायला लागले. "खांद्याचा सांधा म्हणजे टीवर, बारक्या खुंटीवर ठेवलेला गोल्फचा बॉल, ताई."

मी म्हटलं, "गोल्फ मी कुठे बघितलाय, डॉक्टर? ज्यांनी किहीमला बंगले बांधलेत त्यांना सांगा."

हसले बिचारे. मग कागदावर चित्र काढलं. हाताच्या हाडाचा वरचा गोळा मोठा, आणि तो जिच्यात बसतो ती वाटी अगदी उथळ. तेवढ्यावर गोळा टिकलाच नसता. म्हणून वाटीच्या काठाला कूर्चेची एक गोल किनार असते, रबरासारखी चिवट. तिला लॅब्रम म्हणतात. ती वाटीला खोली देते, गोळ्याला थोपवते, आणि सांधा आवळून धरणारे पट्टे तिलाच चिकटलेले असतात.

"म्हणजे चुंबळ," मी म्हटलं.

त्यांना चुंबळ माहीत नव्हती. मी ओढणी पिळून, गोल करून दाखवली. मासळीची पाटी डोक्यावर बसते ती या कापडाच्या कड्यावर. कडं एका बाजूने उसवलं की पाटी त्या बाजूला कलंडते, मग मान कितीही ताठ ठेवा.

"अगदी हेच," डॉक्टर म्हणाले. "तुमची पुढून आणि खालून उसवली असणार. हात वर आणि मागे गेला की गोळा तिथून निसटायला बघतो. आणि एक्स-रेत फक्त हाड दिसतं. ही किनार त्यात दिसतच नाही."

मी तिथे रडले. दुखत होतं म्हणून नाही. इतके महिने मी ढोंग करत नव्हते, हे कोणीतरी तोंडाने सांगितलं म्हणून.

एमआरआयसाठी मांडव्याहून रो-रो बोटीने मुंबईला गेलो. खांद्यात आधी सुईने औषध सोडलं, म्हणजे फाटलेलं नीट दिसतं. मग मशीनच्या नळीत निपचित पडून राहायचं. आत ठोकल्यासारखे आवाज येत होते आणि मी देवाला म्हणत होते, फाटलेलं असू दे. कोणी देवाकडे असं मागतं का? पण काहीच निघालं नसतं तर मी परत "शाबूत" ठरले असते. फाटलेलं होतं.

डॉक्टरांनी लगेच कापायला घेतलं नाही. म्हणाले, फाटलेली प्रत्येक किनार शिवावी लागत नाही. खांद्याभोवतीचे स्नायू बळकट केले तर तेच गोळ्याला जागेवर धरतात, पुष्कळांचं त्यावर भागतं. पावसाळ्यात बोटी बंद होत्या, तेवढे महिने मी व्यायाम केला. रबराचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून ओढायचा, पाठीची पाती मागे आवळायची, बोटं भिंतीवर हळूहळू वर चालवायची. अलिबागची फिजिओथेरपिस्ट पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण मास्तरणीसारखी कडक. दुखणं कमी झालं. केस माझे मी विंचरू लागले. पण हंगाम सुरू झाल्यावर पहिल्यांदा वलांडीवर चढले आणि वरच्या दोरीला हात नेला, तसा खांदा परत निसटला. जोडी माझ्या डोळ्यांदेखत वाळूत पडली.

मग ऑपरेशन. मोठी चीर नाही, बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून. वाटीच्या काठावर हाडात छोट्या खुंट्या बसवायच्या, त्यांचे दोरे किनारीतून ओवून ती परत काठाला बांधायची. ऐकायला जाळं शिवण्याइतकं सोपं वाटलं. शुद्धीवर आले तेव्हा हात झोळीत होता आणि डॉक्टर उशाशी उभे होते.

"टाके मी घातले, आता ते तुम्ही सांभाळायचे," ते म्हणाले. "या किनारीला रक्त कमी पोचतं, ती सावकाश सांधते. दुखायचं थांबलं म्हणजे सांधली असं समजू नका. वलांडीचं नाव सहा महिने काढायचं नाही."

मी हो म्हटलं. खरोखर मनापासून म्हटलं.

पण सहा महिने बोंबील थांबतात का? झोळीतला हात घेऊन मी दारात उभी राहायची आणि सावडीतल्या बायका माझ्या वलांडीवर माझा माल चढवायच्या. आमच्या घरातून त्यांच्याकडे एकही हात जात नव्हता. कोणी बोललं असतं तर मी भांडले असते, मला भांडायला आवडतं. कोणी बोललंच नाही. जाऊबाई माझ्यापेक्षा वयाने किती मोठ्या, पण त्या वर चढून माझ्या दोऱ्या भरत होत्या, आणि मी खालून "पडू नका" म्हणण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. चहा करून नेला तर तोही डाव्या हाताने, अर्धा सांडत. मला अन्न गोड लागेना. सासू एकदा जेवताना म्हणाली, "दुसऱ्याच्या हातावर किती दिस ऱ्हावाचा?" तिने टोमणा मारला नव्हता, ती खरंच विचारत होती.

मुलीने ते ऐकलं. "मी येऊ काय सकाळची? कॉलेज दुपारचा हाय," ती म्हणाली.

मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ती ताट उचलून आत गेली.

झोळी सुटली, हात खांद्यापर्यंत आपणहून येऊ लागला, दुखेनासा झाला. आणि मग तो ढग आला. थंडीचे दिवस, पावसाचं नाव नाही, आणि भर दुपारी समुद्राकडून काळं भरून आलं. वाळत आलेल्या बोंबलांवर पाऊस पडला की ते काळे पडतात, अळ्या धरतात, फेकूनच द्यावे लागतात. सगळा वाडा किनाऱ्याकडे पळाला. जो तो आपापली वलांडी उतरवायला लागला. सावड चढवायला असते, उतरवायला कोणी कोणाचं नसतं, वेळच नसतो. आमची वलांडी त्या दिवशी मोकळी होती, पण जाऊबाईंच्या वलांडीवर माल गच्च होता आणि त्या एकट्या. त्या खालच्या दोऱ्या ओरबाडत होत्या, वर जायला त्यांना उसंत नव्हती.

मुलगी त्या दिवशी घरी होती. मी बघते तर तिने ओढणी कमरेला गुंडाळली होती आणि एक पाय त्यांच्या बांबूवर टाकला होता.

"उतर," मी म्हटलं.

"आये, पाऊस येतंय!"

मी डाव्या हाताने तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि स्वतः चढले. तेव्हा डोक्यात काय होतं ते लोक मला आजही विचारतात. काही नव्हतं. एवढंच होतं, की या वलांडीवर मी उधार आहे, आणि माझी फेड ही पोर करणार नाही. मी उजव्या हाताने धरलं आणि डाव्याने जोड्या काढून खाली टाकू लागले. एक दोरी उतरली, दुसरी उतरली. वारा सुटला तसा बांबू हलला, तोल गेला, आणि धरलेला हात वर आणि मागे खेचला गेला. तोच आवाज. त्यानंतरची दोरीही मी रिकामी केली. मग त्या हाताने बांबू धरवेना.

जाऊबाईंनी मला खाली घेतलं. माझा हात बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"कला गो वलांडीवर चरलीस? मी मांगला व्हता तुजा हात?" त्या ओरडल्या. "मरू देस ते बोंबील!" आणि भरलेली पाटी त्यांनी लाथेने उलटी केली. माझ्यासमोर बसून त्या पावसात रडायला लागल्या. शब्दाने कधी कोणाला न दुखवणारी ती बाई मला शिव्या देत होती आणि माझे भिजलेले केस पुसत होती.

डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. तपासण्या परत झाल्या. बांधलेली किनार सुटली होती, आणि गोळा निसटून निसटून वाटीचा हाडाचा काठही झिजला होता. आता नुसतं शिवून भागणार नव्हतं. जवळच्या हाडाचा तुकडा काढून वाटीच्या पुढच्या काठावर स्क्रूने बसवायचा, मोठं ऑपरेशन, मुंबईला. ते केलं. खांदा आता निसटत नाही. पण ऑपरेशनच्या आधीच मी विचारलं होतं आणि त्यांनी सरळ सांगितलं होतं.

"स्वयंपाक होईल, लिहिणं होईल, पाटी उचलाल. वलांडी नाही."

"वर्षाने?"

"नाही, ताई."

"नुसती एकच दोरी?"

त्यांनी नकाराची मान हलवली. मी बाहेर येऊन अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊन बसले. लोक घोडागाडीत बसत होते, भेळ खात होते. मला माझा खांदा उपटून समुद्रात फेकावासा वाटला. लेकीला वाचवायला चढले होते आणि तिचीच वाट मी स्वतःच्या हाताने बंद केली होती. फिजिओथेरपिस्टने जे सांगितलं ते ते मी केलं, सांगितलं नाही तेही केलं. एकदा बोटी बंद असताना मोकळ्या वलांडीवर डाव्या हाताने चढून बघितलं. पण एका हाताला धरायचं आणि टाकायचं दोन्ही जमत नाही. पहिल्याच बांबूवरून उतरले आणि वलांडीला टेकून उभी राहिले. हात कानाच्या थोडा खाली येऊन थांबतो. आजही तिथेच थांबतो.

पुढच्या हंगामाच्या आधी मी जाऊबाईंना म्हटलं, "आमचं घर सावडीतून काढा. ओला माल व्यापाऱ्याला देऊ."

त्या म्हणाल्या, "घर कधी कारत न्हाय. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिले नाही, सगळ्या बायकांना जाऊन सांगितलं. प्रत्येकीने तेच म्हटलं. चांगुलपणाचा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मुंबईला प्रवेशही मिळत होता. तिने भरलेली बॅग दोन दिवस कॉटखाली होती. मग गणपती गेले, उन्हं कडक झाली, बोटी भरून यायला लागल्या. एका सकाळी मी किनाऱ्यावर गेले तर आमच्या वलांडीवर वरच्या आडव्या बांबूवर ती उभी होती. टी-शर्ट, लेगिंग्ज, कमरेला माझा जुना टॉवेल. तिला कोणी बोलावलं नव्हतं, हे मला जाऊबाईंचा चेहरा बघून कळलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

ती शिकवल्याशिवाय शिकली होती. पाय आडवे टाकून, बांबू कोपरात धरून, दोन्ही हात मोकळे. मला इतकं कधी जमलं नाही. बायकांना राहवलं नाही. "बग बग, आयशीपरीस सरस हाय," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या मनापासून हसल्या. त्यांना मला आनंद द्यायचा होता.

"खाली ये," मी म्हटलं.

"एक हंगाम, आये. प्रवेश पुढच्या वर्षी घेतंय."

मी लग्नानंतर पहिल्या वर्षी, बारावीचा निकाल पेटीत ठेवून, सासूला हेच सांगितलं होतं. शब्दसुद्धा हेच. ते मी पोरीला कधी सांगितलेलं नाही. ती ते बोलली कुठून?

माझ्याकडे तेव्हा पुष्कळ बोलण्यासारखं होतं. पण उन्हं चढत होती, पाट्या भरलेल्या होत्या, आणि तिच्या हातातल्या जोड्या संपल्या होत्या. तिने वरून हात खाली केला. मी दोन बोंबलांचे जबडे अडकवले आणि जोडी वर धरली. माझा हात जिथे थांबतो तिथे थांबला. ती पुरेशी वाकली आणि तिने जोडी माझ्या हातातून घेतली. मी दुसरी करायला घेतली.